घटातला पिवळा कोंब



स्नेहसंमेलनाच्या पाहुण्याने यशाची गुरुकिल्ली सांगायची असते. ती माझ्याकडे नाही, म्हणून पानांच्या रंगाबद्दल बोलतो. नवरात्रात अंधाऱ्या देवघरात घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पण पिवळंच राहतं. शेतात तेच हिरवंगार उगवतं. ऊन म्हणजे पानाच्या स्वयंपाकाचं इंधन, एवढंच आपण पाठ करतो. माझं म्हणणं असं, की इंधन होण्याआधी ऊन हा पानाला मिळणारा हुकूम असतो. हरितद्रव्य घडताना शेवटाकडची एक पायरी अशी येते, की तिथलं विकर उजेडाशिवाय कामच करत नाही. पिवळी कॅरोटिनॉइड्स अंधारातही थोडीफार बनतात, म्हणून कोंब पिवळा. यात काटकसर आहे. मातीखालच्या कोंबाने बियातली शिदोरी हिरव्या रंगावर उधळण्यापेक्षा उंची गाठण्यावर खर्चावी, हे बरं. उजेड आल्याची वर्दी देणाऱ्या प्रथिनांपैकी फायटोक्रोम हे १९५९ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी ओळखलं.

कुणी विचारेल, देवघरात अखंड दिवा तेवत असतो, त्याचं काय? तो उजेड फार क्षीण. त्याने हिरवी छटा येते, रंग पुरता चढत नाही. पाइनची रोपं अंधारातही हिरवी होतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्यांच्याकडे उजेडाविना चालणारं दुसरं विकर आहे. सपुष्प वनस्पतींनी ते गमावलं. म्हणजे माझा नियम सपुष्प वनस्पतींपुरता, हे मान्य.

मग ऊन जितकं जास्त तितकं पान हिरवं? तसंही नाही. सावलीतली पानं पुष्कळदा अधिक गडद असतात, कारण अपुरा उजेड टिपायला ती जास्त हरितद्रव्य बाळगतात; शिवाय प्रखर ऊन हरितद्रव्याची नासधूसही करतं. आंब्याची तांबूस पालवी किंवा सह्याद्रीतल्या कुसुंबाची लालभडक कोवळी पानं पाहा. त्यांचा प्रकाशसंश्लेषणाचा कारखाना अजून अर्धवट असतो, पडणारं ऊन पेलत नाही. अँथोसायनिन हे लाल द्रव्य त्यातलं काही अडवतं. काही अभ्यासकांच्या मते हा रंग किडींना दूर ठेवण्यासाठी असतो. असेलही, दोन्ही कामं एकाच रंगाने साधत असतील. पण अनेक झाडांवर उन्हातली पालवी सावलीतल्या पालवीपेक्षा जास्त लाल होते, याचा उलगडा एकट्या किडींनी होत नाही. किडी काही सावली पाहून मागे फिरत नाहीत.