एक फोटो काढू का, आजी?



समितीने मला फोटोग्राफीवर चार शब्द बोलायला सांगितले आहे. महागड्या कॅमेऱ्याविषयी मी बोलणार नाही. तुमच्या खिशातला मोबाईल पुष्कळ झाला. अडचण वेगळीच आहे. आपल्या भाईंदर-मीरा रोडच्या जयंतीचे फोटो बघा. रथ आहे, लेझीम आहे, निळे झेंडे आहेत. आणि माणसं? सगळी पाठमोरी, नाहीतर स्टेजवरची! कारण समोर जाऊन "तुमचा फोटो काढू का?" असं विचारायची आपल्याला लाज वाटते.

ही लाज फार महाग पडते. घरात कुणी वारलं की पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी फोटोसाठी धावाधाव सुरू होते. शेवटी आधार कार्डावरचा पुसट चेहरा मोठा करून आणतात, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढतात. बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या आजोबांचा धड एक फोटो नाही. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या घरात आहे. आणखी किती थांबणार?

सुधारक ओलवे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मूळचे अकोल्याचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे, गटारात उतरणाऱ्या माणसांचे फोटो त्यांनी काढले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे फोटो लांबून, चोरून निघत नाहीत. माणसाच्या जवळ जावे लागते.

लाज जाईल मग फोटो काढू, असं म्हणू नका. ती जात नाही. इतकी वर्षं झाली, अनोळखी माणसाला विचारताना माझ्या छातीत अजून धडधडतं. भोजनदानात आधी दहा ताटं वाढा, मग मोबाईल काढा. "जयभीम आजी, गाव कोणतं?" इथून सुरुवात करा. गावाचं नाव निघालं की चेहरा आपोआप खुलतो. आजी "नको रे बाबा" म्हणाली तर हात जोडा आणि पुढे जा. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर दमून झोपलेल्या आपल्या बायामाणसांवर कितीतरी लोक कॅमेरे रोखतात, विचारत कुणी नाही. आपण तरी विचारू या.

थोडं तंत्राचं. पांढरी साडी नेसलेल्या उपासिकेचा चेहरा फोटोत काळवंडलेला येतो. दोष तिच्या रंगाचा नाही! कॅमेरा पांढऱ्या कपड्याचा उजेड मोजतो आणि सगळंच गडद करून टाकतो. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाईलमध्ये सूर्याची खूण येते, ती वर सरकवा. आणि तो गोरं करणारा ब्युटी मोड आधी बंद करा. एप्रिलच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते, म्हणून दाराशी सावलीत उभं करा, तोंड उजेडाकडे. अगदी नाकाशी मोबाईल नेऊ नका, नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे राहून थोडं झूम करा.

आणि फोटो द्या! आजीकडे कुठलं व्हॉट्सॲप? प्रिंट काढा, मागे नाव, गाव, तारीख लिहा आणि पुढच्या पौर्णिमेला तिच्या हातात ठेवा. त्यानंतर तुम्हाला विचारावं लागणार नाही. शेजारणीचा हात धरून तीच येईल, "आमचा दोघींचा काढ रे."

आता भोजनदान सुरू होईल. दाराशी या वेळेला उजेड छान असतो. पहिल्या रांगेतल्या आजींना मी अजून विचारलेलं नाही, ते तुमच्यावर सोडतो.

जयभीम! नमो बुद्धाय!