जॉर्ज नॉरिस

आपल्याकडे १९४८ साली स्थापन झालेल्या दामोदर खोरे महामंडळाचा उल्लेख निघाला म्हणजे अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचे नाव ओघाने येतेच; पण ज्यांच्या चिवट आग्रहाने ती योजना साकार झाली, त्या जॉर्ज नॉरिस यांचे नाव मात्र आपल्या कानांवर क्वचितच पडते.

१८६१ साली ओहायोतील शेतकरी कुटुंबात जन्मलेले आणि बालपणीच पितृछत्रास मुकलेले नॉरिस वकिलीची सनद घेऊन नेब्रास्का संस्थानात आले व पुढे जिल्हा न्यायाधीश झाले. तो अवर्षणाचा काळ होता. गहाण जमिनींच्या लिलावांची प्रकरणे समोर येत, तेव्हा कर्ज फेडण्याची खरीखुरी आशा असलेल्या शेतकऱ्यास ते मुदत देत.

१९०३ साली ते अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गेले. तेथे सभापती जोसेफ कॅनन यांची हुकमत अशी, की नियमसमितीही त्यांच्याच मुठीत असल्याने त्यांच्या मर्जीवाचून कोणताही ठराव चर्चेस येणे दुरापास्त असे. मार्च १९१० मध्ये सभापतींच्या पक्षाने, जनगणना राज्यघटनेत नमूद आहे, सबब तो विषय अग्रहक्काचा होय, असा निर्णय करून घेतला. तोच दीर्घकाळ खिशात जपलेला कागद काढून नॉरिस उभे राहिले आणि म्हणाले की, सभागृहाने आपले नियम आपण करावेत हेही घटनेतच लिहिलेले आहे, तेव्हा माझा ठरावही अग्रहक्काचाच ठरतो. रात्रभर कामकाज चालले, आणि अखेर १९१ विरुद्ध १५६ मतांनी सभापतींना नियमसमितीतून दूर व्हावे लागले. नॉरिस हे सभापतींच्याच पक्षाचे सभासद! प्रतिपक्षाच्याच युक्तिवादातून लोकांचा हक्क सोडवून घेणारी ही वकिली मला फार थोर वाटते.

पुढे ते सिनेटमध्ये गेले. १९१७ साली अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या सहा सिनेटरांत ते होते, आणि त्याबद्दल देशद्रोहाचा आरोपही त्यांनी सोसला.

त्यानंतर टेनेसी नदीवरील मसल शोल्सचे सरकारी धरण उद्योगपती हेन्री फोर्ड यांच्या स्वाधीन होऊ नये, त्याची वीज लोकांच्या मालकीची राहावी, यासाठी त्यांनी कित्येक वर्षे झुंज दिली. त्यांचे विधेयक राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी नाकारले, त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनीही नाकारले, आणि १९३३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने तो हेतू सिद्धीस गेला व टेनेसी खोऱ्याची योजना साकार झाली. तीनच वर्षांनी खेड्यांच्या विद्युतीकरणाचा कायदाही त्यांच्या पुढाकाराने झाला. त्याच नेब्रास्काच्या मतदारांनी १९४२ साली त्यांना पराभूत केले. ते मकुक येथील आपल्या घरी परतले आणि १९४४ च्या सप्टेंबरात तेथेच निवर्तले.