पाच मिनिटं म्हणजे किती?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे लहान मुलं आणि घड्याळ. पण सुरुवात मी घड्याळापासून करत नाही. सुरुवात करते एका खोट्यापासून, आणि ते खोटं माझंच आहे.

लेक साडेचार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहतो, माझं ऑफिस मुंबईत. दिवसभर ती पाळणाघरात असायची. सकाळी सोडताना रोज रडारड आणि रोज एकच प्रश्न, "तू कधी येणार?" मी म्हणायचे, "संध्याकाळी येते गं." पण संध्याकाळ म्हणजे कधी? मग पाळणाघरातल्या मावशींनी एक युक्ती काढली. भिंतीवरचं घड्याळ दाखवून त्या तिला म्हणाल्या, "हा बुटका काटा आहे ना, तो सातवर आला की आई दारात!"

जादू व्हावी तसं रडणं थांबलं. मी पोचले की ती घड्याळाकडे बोट दाखवून ओरडायची, "सात!" जणू काटा तिनेच ओढून आणला होता.

मग जुलै आला. एके दिवशी धो धो पाऊस, लोकल रखडल्या, आणि मी पोचले सव्वाआठला. फोन करून कळवलं होतं, मावशींनी तिला जेवायलाही घातलं होतं. मला वाटलं, रडून गोंधळ घातला असेल. तसं काही नव्हतं. ती घड्याळाकडे पाठ करून गप्प बसली होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, ते घड्याळ खोटं बोलतं."

खरं सांगू? क्षणभर मला हायसं वाटलं. चला, राग घड्याळावर आहे, माझ्यावर नाही! पण ती पुढे म्हणाली, "तुझी पाच मिनिटं पण तशीच असतात."

आता हे मात्र लागलं. कारण ते खरं होतं. "पाच मिनिटं थांब हं", हे मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन! पोळ्या होईपर्यंत पाच मिनिटं, म्हणजे अर्धा तास. फोन संपेपर्यंत पाच मिनिटं, म्हणजे देव जाणे किती. आणि बागेतून निघायचं असलं की "शेवटची पाच मिनिटं", म्हणजे लगेच चप्पल घाल! तिने आयुष्यात ऐकलेलं पहिलं माप हे, आणि ते रबरासारखं. ज्या दुकानात किलो रोज वेगळा भरतो, तिथे वजन शिकणार कसं?

तर आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना घड्याळ वाचता येत नाही ही फार मोठी अडचण नाही, ते येतंच. त्याच्या आधी, वेळ सांगणाऱ्या माणसावर भरवसा ठेवता यायला हवा.

आता जरा त्यांच्या बाजूने बघू. वेळ दिसत नाही, हातात येत नाही. दिसतात त्या घडणाऱ्या गोष्टी. झां पियाजे हे नाव तुम्ही ऐकलं असेल, मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ. १९२८ साली दाव्होसला आइन्स्टाइनने त्यांना विचारलं होतं, की मुलांना वेळेची जाण आधी येते की वेगाची? त्यावर पियाजेंनी पुढे बरंच काम केलं आणि १९४६ साली मुलांच्या वेळेच्या कल्पनेवर एक पुस्तक लिहिलं.

त्यांच्या प्रयोगासारखा एक प्रयोग घरी सहज करता येतो. दोन खेळण्यातल्या गाड्या घ्या. दोन्ही एकदम सोडा, एकदम थांबवा, पण एक जोरात पळवा म्हणजे ती पुढे जाईल. मग विचारा, जास्त वेळ कोण पळालं? मी लेकीला विचारलं. ती ठामपणे म्हणाली, "लाल. ती लांब गेली ना!" लांब गेली म्हणजे जास्त वेळ गेली. तिच्या डोक्यात अंतर आणि वेळ अजून एकाच डब्यात होते. यात हुशार किंवा मंद असं काही नाही. त्या वयात असंच दिसतं.

म्हणून आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं आणि झोपा मोजायला लागलो. आजी कधी येणार? तीन झोपा झाल्या की. मग रोज सकाळी कालनिर्णयवर एका चौकोनावर फुली मारायची. "परवा" हा शब्द मी काही दिवस वापरलाच नाही. का, ते बघा. आजी परवा आली आणि आजी परवा येणार, दोन्हीकडे परवाच! आपण क्रियापदावरून ओळखतो, मूल नुसता शब्द पकडतं. एकदा तिने मला विचारलं, "मागचा परवा की पुढचा परवा?" मला वाटतं, हा प्रश्न आपणही अधूनमधून विचारायला हरकत नाही.

मग आजी आली, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि घरात नवाच घोळ सुरू झाला. कारण आमच्या घरात वेळेच्या तीन भाषा. नवरा बोलतो लोकलची भाषा, "सात बेचाळीस चुकली." फोनवर नुसते आकडे. आणि आईंचं आपलं सव्वा, साडे, पावणे. एकदा त्या म्हणाल्या, "पावणेतीन झाले, झोप आता." लेक म्हणाली, "आजी, अजून तीन वाजलेच नाहीत! मग तीन कशाला म्हणतेस?"

बरोबर आहे की नाही? आपण "पावणेतीन" म्हणतो तेव्हा अजून न वाजलेल्या तीनचं नाव घेतो. आणि हे सगळं सरळ रांगेत तरी आहे का? साडेतीन, साडेचार म्हणायचं, पण साडेएक नाही, दीड. साडेदोन नाही, अडीच. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली की पावणेएकसुद्धा नाही, नुसतं "पाऊण वाजला". पहिली-दुसरीत घड्याळाचा धडा येतो तेव्हा पोर चुकलं की आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, लक्ष असतं म्हणूनच अडखळतं!

यावर उपाय आईंनीच काढला, तोही स्वयंपाकघरात. एक पोळी घेतली, चार तुकडे केले. हा पाव, हे दोन म्हणजे अर्धी, हे तीन म्हणजे पाऊण. मग तीन पोळ्या मांडल्या आणि तिसरीचा एक पाव लेकीला खायला दिला. "आता किती उरल्या? पावणेतीन. तीनला एक पाव कमी." तोंडात पोळी असतानाच तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मी कागदावर वर्तुळं काढून जे आठवडाभर समजावत होते, ते एका पोळीत झालं.

दुसरी युक्ती मला जुन्या घड्याळांवरून सुचली. युरोपातल्या सुरुवातीच्या यांत्रिक घड्याळांना एकच काटा असायचा, तासाचा. शतकानुशतकं लोकांचं त्यावर भागत होतं. मग मुलांना पहिल्याच दिवशी दोन काटे कशाला? मी एक बंद पडलेलं घड्याळ उघडून मिनिटकाटा काढून टाकला. उरला बुटका काटा. आता प्रश्न एकच, हा कुणाच्या घरात आहे? दोनच्या घरातून निघालाय, तीनच्या दारात पोचायचाय, म्हणजे अजून दोनचाच पाहुणा. दोन काटे असताना मुलं दोन पन्नासला हमखास "तीन पन्नास" म्हणतात, कारण बुटका तीनला जवळजवळ चिकटलेला असतो. एका काट्यावर हात बसला की ही चूक बरीच कमी होते. मग मिनिटकाटा परत बसवा.

फोनच्या घड्याळाने आणखी एक प्रश्न दिला. शंभरपर्यंत मोजता यायला लागलं होतं, आणि ती ४:५९ कडे टक लावून बसली होती. पुढे झालं ५:००. "चार साठ कुठे गेलं?" मी तिला साठ शेंगदाणे दिले आणि म्हटलं, सारखे वाटे कर. दोघांत, तिघांत, चौघांत, पाच जणांत, सहा जणांत, कुठेच शेंगदाणा उरत नाही. जुन्या बॅबिलोनच्या लोकांनी मोजायला साठ धरले, आणि तो साठ आजही आपल्या मनगटावर आहे.

आणि मग आला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. "घड्याळाला कोण सांगतं किती वाजले?"

डिसेंबरातला रविवार होता. आम्ही गच्चीवर गेलो. एक काठी उभी केली आणि दर थोड्या वेळाने सावलीच्या टोकावर खडूने खूण करत बसलो. सावली आखूड होत गेली. बारा वाजले. ती म्हणाली, "आता सगळ्यात छोटी!" पण नाही, अजून आखूड होतच होती. सगळ्यात आखूड झाली ती साडेबाराच्या सुमारास. तिने मला विचारलं, "सूर्याला पण लोकल मिळाली नाही का?"

हसू आलं, पण उत्तर खरोखर मजेचं आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर धरलेली. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो. पूर्वी मुंबईची वेळच वेगळी होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली, तरी जुना "मुंबई टाइम" शहरात काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होता. म्हणजे एकाच शहरात दोन वेळा! तुम्ही "दहाला भेटू" म्हणालात, तर समोरचा विचारणार, कुठले दहा?

लेकीला मी एवढंच सांगितलं, "सूर्य बरोबर आहे आणि घड्याळही बरोबर आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की एकच वेळ धरायची, म्हणजे कुणी कुणाची वाट बघत ताटकळणार नाही."

आणि हे बोलता बोलता मला ती जुलैची रात्र आठवली. घड्याळ म्हणजे शेवटी काय, तर माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द. तो मी दिला होता आणि दोष मात्र घड्याळावर गेला होता. तिथेच गच्चीवर तिला म्हटलं, "तुला आठवतं, पाळणाघरातलं घड्याळ खोटं बोलतं म्हणाली होतीस? ते खरं बोलत होतं. सात वाजले होते. उशीर मला झाला होता." ती जरा वेळ खडू घासत बसली. मग म्हणाली, "मग घड्याळाला सॉरी म्हणायला पाहिजे." थोडं थांबून म्हणाली, "तू मला म्हण."

म्हटलं. पाच महिने उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. पाच मिनिटं म्हटलं की मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत, बस. जमणार नसेल तर "पाच मिनिटं" म्हणायचंच नाही. "पोळ्या झाल्या की" म्हणायचं, ते तिला दिसतं. आणि बाहेर असताना "सातला येते" ऐवजी मी म्हणते, "सातला निघते, गाडी मिळेल तशी येते, उशीर झाला तर फोन करते." वाक्य लांब आहे, पण ते पाळता येतं.

आता ती सात वर्षांची आहे. घड्याळ सुरेख वाचते. परवा, म्हणजे मागचा परवा (हसते), मी फोनवर होते आणि सवयीने म्हणून गेले, "पाच मिनिटं हं." ती काही बोलली नाही. समोर येऊन बसली आणि मोठ्या काट्याकडे बघत राहिली. मी फोन ठेवला. चार मिनिटांत!

तुमच्या घरीही वेळेबद्दलचे असे प्रश्न निघाले असतील. मला जरूर लिहून पाठवा, पुढे कधीतरी त्यावर बोलू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.