एकाच कळपात देवी आणि मावा
(नवी मुंबईतील भाषण)



ज्वारीच्या भावासाठी आपण वाशीच्या बाजारापर्यंत आलो. याच वाशीवरून, शीव-पनवेल रस्त्याने, बकरी ईदच्या आधी बोकडांचे ट्रक देवनारला जातात. चार जिल्ह्यांची जनावरे एका ट्रकात दाटीने उभी. सौदा मोडला की आपण बोकड परत आणतो. त्याच्याबरोबर आणखी काय आले, ते कळपात मरतूक लागल्यावर कळते.

कापसाचा पैसा येण्याआधीच वाटला गेलेला असतो. पोराची फी, दवाखाना शेळीवर चालतो, आणि शेळी बहुधा घरच्या लक्ष्मीची असते.

तोंडाला फोड आले की आपण म्हणतो, देवी आली. कडूलिंब बांधतो आणि वाट पाहतो. पण फोड आणणारे रोग दोन आहेत. देवीत सणकून ताप येतो. कानावर, कासेवर, शेपटीखाली गाठी उठतात, फुप्फुसातही उठतात, आणि करडे पटापट दगावतात. दुसरा मावा. कपाशीवरचा नव्हे! यात ओठांवर जाड खपल्या धरतात, करडाला दूध ओढता येत नाही, आणि धार काढणाऱ्या बाईच्या बोटांनाही तो लागतो. विषाणूंचे कूळ एक, जात वेगळी. देवीच्या लशीने मावा अडत नाही. आणि दोन्ही एकाच वेळी एकाच कळपात येऊ शकतात. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरच्या एका कळपात मावा आणि शेळ्यांची बुळकांडी, म्हणजे पीपीआर, एकत्र सापडल्याची नोंद 2007 साली प्रसिद्ध झाली. नुसते तोंड पाहून रोग ठरवणे म्हणजे गाठोडे न सोडता कापसाला ग्रेड लावणे. खपली पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेली पाहिजे. दवाखान्यात तसे ठणकावून सांगा.

2022 साली लम्पी आला, तेव्हा सरकारने गाईबैलांना कोणती लस टोचली? शेळीच्या देवीची! गावोगाव, फुकट. चांगले केले. दुभती गाय मेली तर 30 हजार, बैल 25 हजार, वासरू 16 हजार अशी मदतही ठरली. मग शेळीची लस शेळीला त्याच तडफेने का नको? 2009 च्या केंद्रीय कायद्याने देवीचा रोग कळवण्याची सक्ती आपल्यावर आहे. सक्ती आहे, तर मेलेल्या शेळीची भरपाईही लिहून द्या, ही आपली मागणी.

तोवर बाजारातून परतलेले जनावर 21 दिवस वेगळे बांधा. गळलेल्या खपल्या जाळा, सावलीच्या गोठ्यात त्यांतला विषाणू महिनोन्महिने टिकतो. आणि माव्याच्या शेळीला उघड्या हाताने शिवू नका, हाताला निदान प्लास्टिकची पिशवी तरी बांधा.