शिकणाऱ्या मुलाने काम किती करावे?

(बारावी होऊन कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या व त्यांच्या आईबापांच्या सभेत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



पेरणीची घाई असता आपण कुरी व पाभर बाजूस ठेवून येथे जमलात, त्याअर्थी विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे यात शंका नाही. निकाल लागल्यापासून माझ्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी येऊन बसते, आणि बोलणे फिरून फिरून एकाच जागी येते. पोराला शहरात कॉलेजास घालावयाचे, तर खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके यांचा खर्च कोठून आणावा? आणि मुलाने तेथे काम करून शिकावे की नाही?

यावर दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. एक बाप म्हणतो, "गुरुजी, माझा पोरगा कॉलेजात जाऊन दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारणार? मग त्याला शिकविला कशाला? भावकी हसेल." दुसरा म्हणतो, "कॉलेज ते किती, चार तासांचे. बाकी दिवसभर पोरगा मोकळाच. त्याने आपले भागवावे आणि दरमहा चार पैसे घरीही धाडावे." माझ्या मते हे दोघेही चुकतात. पहिल्याला श्रमाची लाज वाटते आणि दुसऱ्याला विद्येची किंमत कळत नाही. मुलाने काम जरूर करावे. परंतु ते शिक्षण तगविण्यापुरते करावे. ज्या दिवशी काम शिक्षणास खाऊ लागेल त्या दिवशी ते सोडावे. एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम लाजेविषयी बोलतो. काम करून शिकणे ही आपल्या समाजात कालपरवा निघालेली गोष्ट नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर लोकांकरिता रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसास दिवसाची शाळा उपयोगी नाही, हे त्यांनी ओळखले होते. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांकरिता बोर्डिंग उघडले, आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांकरिता अशी बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण बुद्धीअभावी अडत नसून राहण्याच्या व जेवण्याच्या सोयीअभावी अडते, हे त्या राजाने जाणले.

मग कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. हातांनी स्वयंपाक करीत, शेतात खपत आणि त्याच हातांनी पुस्तक उघडीत. मुलांच्या अन्नाकरिता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही श्रम करून शिकणाऱ्या मुलांकरिताच. ज्या शिक्षणाच्या पायाखाली त्या माउलीचे मंगळसूत्र आहे, त्या शिक्षणासाठी झाडू धरण्याची लाज आपल्या पोराने का बाळगावी?

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पाहा. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले, तेव्हा ते स्वदेशी परतले आणि १९१८ ते १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांचेही साह्य झाले, आणि मग ते राहिलेले शिक्षण पुरे करावयास गेले. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, त्यात नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेविले.

आता यातले मर्म ध्यानी घ्या. रात्रीची शाळा असो, साताऱ्याचे वसतिगृह असो की सकाळचे कॉलेज असो, प्रत्येक ठिकाणी कामाची आणि अभ्यासाची वेळ कोणीतरी जाणत्या माणसाने बसवून दिली होती. काम किती, अभ्यास किती, परीक्षा जवळ आली की काय करावयाचे, हे ठरलेले असे. आज आपला पोरगा शहरात एकटा काम शोधतो. त्याच्या मालकास त्याची परीक्षा केव्हा आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी पर्वा नसते. म्हणून ही वेळ बसविण्याचे काम आता मुलाने व त्याच्या घरच्यांनी करावयाचे आहे.

ते न केल्यास काय होते, हे मी आपल्या डोळ्यांनी पाहिले. माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. बाप कोरडवाहू दोन एकरांचा धनी. पोरगा गणितात असा तयार की फळ्यावर उदाहरण पुरे होण्याआधी उत्तर सांगे. बाप मजकडे आला तेव्हा मीच म्हणालो, "धाडा त्याला. काम करून शिकेल." पोरगा गेला. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात त्यास संध्याकाळी ६ पासून रात्री २ पर्यंत काम मिळाले. जेवण फुकट म्हणून आम्ही सगळे खूश! रोजचे ८ तास, सुट्टी नाही, म्हणजे आठवड्यास ५६ तास. सकाळच्या तासास त्याचे डोळे मिटू लागले, पुढे तो जाईनासा झाला. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला आणि वर्ष गेले. हॉटेलवाल्याने शेवटच्या महिन्याचा पगारही बुडविला. पोरगा घरी आला तो परत गेला नाही. या गोष्टीत दोष माझाही आहे. काम कर असे मी सांगितले. किती कर, हे सांगितले नाही. आज उभा आहे तो ती चूक भरून काढण्याकरिता.

तेव्हा आता हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. रोज ७ तास झोप धरली तर ४९ गेले. वर्ग व प्रयोगशाळा मिळून ३०. जाण्यायेण्यास १२. स्वयंपाक, जेवण, अंघोळ, धुणे यांस २१. रोज ४ तासांप्रमाणे अभ्यास २८. बेरीज झाली १४०. उरले २८. पैकी निम्मे दुखण्याखुपण्यास, गावी येण्याजाण्यास, सणावारास व चार मित्रांत बसण्यास सोडा. माणूस म्हणजे काही घाण्याचा बैल नव्हे. राहिले १४. म्हणून माझा आकडा असा: आठवड्यास १५ तास काम, फारच अडचण असेल तर २०. त्यापुढचा प्रत्येक तास झोपेतून किंवा अभ्यासातून चोरलेला असतो. परीक्षेच्या आधीचा महिना काम बंद, किंवा निम्मे. ही गोष्ट मालकास पहिल्याच दिवशी सांगावी. ज्यास पटणार नाही त्याचे काम धरू नये. बहुतेक कॉलेजांत शेकडा ७५ हजेरी लागते, तेव्हा वर्गाच्या वेळेत काम घेणे म्हणजे आपल्या हाताने परीक्षेचे दार लावून घेणे होय.

काम शोधण्याच्या आधी एक करा. हक्काचे जे आहे ते मागून घ्या. फीची सवलत, शिष्यवृत्ती, सरकारी वसतिगृह, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता, यांपैकी आपल्यास काय लागू पडते हे कॉलेजच्या कचेरीत विचारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे प्रवेशाच्या आधीच तहसिलीतून काढून ठेवा. अर्जाची मुदत गेली की कोणी ऐकत नाही. दाखल्याकरिता बापाचे दोन दिवस मोडले तर त्यातून मुलाचे दोन महिन्यांचे रात्रीचे जागरण वाचते.

मग काम. पहिल्यांदा ते कॉलेजातच पाहावे. पुणे व कोल्हापूर येथील विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजना आहे. पुण्याच्या योजनेस तर कर्मवीरांचेच नाव दिलेले आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कचेरीत लिहिणे, बागेत खपणे अशी कामे तेथे तासाच्या हिशेबाने मिळतात. पैसा थोडा असतो, पण काम आवारातच, वर्गाची वेळ सांभाळून आणि परीक्षा जाणणाऱ्या माणसांच्या हाताखाली. जागा मोजक्या असतात, म्हणून वर्ष सुरू होताच चौकशी करावी.

ते न मिळाले तर लहान मुलांच्या शिकवण्या धराव्या. त्यात आपलेही ज्ञान घासून लख्ख होते. किराणा दुकानाची अगर औषधाच्या दुकानाची संध्याकाळची वही लिहावी. आणि घरचा हुन्नर विसरू नये. शिंप्याच्या मुलीस शिवण येते, सुताराच्या मुलास रंधा येतो, न्हाव्याच्या मुलास कात्री येते. रविवारचे चार तास हा हुन्नर परक्या शहरात भाकरी देईल. हुन्नर ही हातातली विद्या आहे. जातीने तो पायात बेडी म्हणून घातला होता. आपण तो पोटाला आधार म्हणून घ्यावा, आणि नको वाटेल तेव्हा ठेवून द्यावा. जास्तीचे काम करावयाचे ते दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत करावे.

आता फसवणुकीविषयी. काम देतो म्हणून आधी पैसे मागेल तो लुच्चा समजावा. शाळेचे अस्सल दाखले कोणाजवळ ठेवू नयेत, नक्कल द्यावी. आपले बँकेचे खाते, कार्ड वा मोबाईलचा नंबर थोड्या पैशांसाठी दुसऱ्यास वापरावयास देऊ नये. चोरीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलीस आपल्या दारी येतात. मजुरी किती, तास किती, पगाराची तारीख कोणती, हे लिहून घ्यावे. मालक लिहून देत नसेल तर निदान आपल्या वहीत रोजचे तास मांडावे. मोटारसायकलीवरून जेवणाचे डबे व सामान पोचविणाऱ्या मुलांनी तर हिशेब फार नीट करावा. समजा, ५ तासांत ४०० रुपये मिळाले. पेट्रोलचे १२० आणि गाडीच्या झिजेचे ५० वजा केले, तर राहिले २३०. म्हणजे तासाला ४६ रुपये. घाईत हात मोडला तर तेही नाहीत. तेवढेच पैसे एका जागी बसून मिळत असतील तर तेथे बसावे.

मायबहिणींनो, मुलींविषयी दोन शब्द. मुलीस काम करून शिकावयास धाडताना जागा कोणती, परत येण्यास किती वाजतात, तेथे दुसऱ्या मुली आहेत का, हे अवश्य पाहा. पहिल्या दिवशी घरचे कोणी जाऊन या. परंतु काळजीचे निमित्त करून तिचे शिक्षणच मोडू नका. १८४८ साली पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हाही लोकांनी काळजीच बोलून दाखविली होती.

शेवटी आईबापांस माझे तीन शब्द मागणे आहे. मुलाच्या कमाईतून घरी पैसा मागणार नाही, असा शब्द द्या. ती कमाई त्याच्या खाणावळीची व पुस्तकांची आहे. फोनवर "पैसे किती मिळाले" असे विचारण्याआधी "वर्गास गेलास का, झोप होते का" असे विचाराल, हा दुसरा शब्द. आणि तिसरा, काम सोडून अभ्यास करतो असे त्याने म्हटले तर त्यास आळशी म्हणणार नाही. एक शेळी विकावी लागली तरी चालेल. शेळी पुन्हा घेता येते, गेलेले वर्ष पुन्हा येत नाही.

मुलांनो, तुम्हांस एकच सांगणे. आज घरी गेल्यावर वही घ्या, आईबापांस शेजारी बसवा आणि १६८ तासांचा हिशेब मांडा. ज्यास तो जमणार नाही त्याने माझ्या ओट्यावर यावे. मीही शिकताना संध्याकाळी एका दुकानाची वही लिहीत होतो, तेव्हा ही आकडेमोड मला येते. आणि शहरात गेल्यावर तास वाढू लागले, झोप तुटू लागली, तर गुपचूप सोसू नका, मला कळवा. तो गणिताचा पोरगा महिनाभर आधी बोलला असता तर कदाचित वाचला असता. या गावातून पुन्हा तसे होऊ द्यावयाचे नाही, एवढे आपण सगळ्यांनी मिळून ठरवू, आणि मी आपली रजा घेतो.

सत्याचा जय असो.