दारात थांबलेलं दुसरं कोणी

आज मी कुंभकोणमहून बोलते आहे. इथून आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूरचं महालिंगस्वामींचं देऊळ आहे. तिथली कथा अशी. वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली सापडून एक ब्राह्मण मेला आणि ब्रह्महत्या राजाच्या मागे लागली. राजा पूर्वेच्या दारानं देवळात गेला, ती दारातच थांबली. राजा दुसऱ्या दारानं बाहेर पडला आणि सुटला. आजही पुष्कळ भाविक आल्या दारानं परत जात नाहीत. मन थाऱ्यावर नसलेल्या आपल्या माणसालाही लोक इथे घेऊन येतात.

श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. माझा विषय सिनेमा आहे. त्यानंही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: माणसात दुसरं कोणी शिरलं, ते बाहेर काढलं, माणूस सुटला.

१९९३चा मल्याळम चित्रपट ‘मणिचित्रत्ताळ’ घ्या. यातल्या गंगाच्या मनाचा ताबा घेणारी नागवल्ली ही याच तंजावरची नर्तकी. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ आला, २००५मध्ये. हिंदीत ‘भूलभुलैया’, २००७मध्ये. आता एक गंमत बघा. मल्याळम चित्रपटातली ‘दुसरी’ तमिळ बोलते, तमिळमधली तेलुगू बोलते, हिंदीतली बंगाली बोलते. म्हणजे जी भीतीदायक आहे ती आपली नाही, शेजारच्या मुलखातून आलेली आहे!

इथल्या मराठी घरांना हे ऐकून हसू यावं. तंजावरला १८५५पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. त्या काळापासून इथे राहिलेली कुटुंबं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतात. भाषा बदलली म्हणून माणूस बदलत नाही.

२००५मध्येच शंकर यांचा ‘अन्नियन’ आला. हिंदीत आपण तो ‘अपरिचित’ म्हणून पाहिला. विक्रमनं साकारलेला अंबी हा कायदा पाळणारा भिडस्त वकील. त्याच्यातच छानछोकी करणारा रेमो आणि माणसं मारणारा अन्नियन. अभिनय जबरदस्त, पण प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? असा आजार असलेला माणूस कधीही खून करेल, ही धास्ती.

आता आजाराकडे येऊ. पूर्वी याला बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत. १९९४मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत त्याचं नाव बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ झालं. बदल मोलाचा होता. एका देहात अनेक माणसं राहतात असं नाही, एकाच माणसाची ओळख एकसंध राहिलेली नाही, हे त्यात मान्य केलं गेलं. बहुतेक वेळा मुळाशी लहानपणचा, पुन्हा पुन्हा झालेला छळ असतो. जे सोसवत नाही ते मूल ‘हे माझ्यावर होतच नाही’ म्हणून बाजूला ठेवतं. ती त्याची जगण्याची धडपड असते. हा स्किझोफ्रेनिया नव्हे. आपण दोन्हींची सर्रास गल्लत करतो.

बाहेरून तर फारसं काही दिसतही नाही. डोळे लाल होत नाहीत, आवाज घोगरा होत नाही. मधले काही तास आठवत नाहीत, आपण लिहिलेली चिठ्ठी अनोळखी वाटते, आणि लोक खोटारडी म्हणतील म्हणून बाई गप्प बसते. यातल्या माणसापासून इतरांना असलेल्या धोक्यापेक्षा त्याचा स्वतःलाच असलेला धोका फार मोठा. आत्महत्येचे प्रयत्न या आजारात पुष्कळ आढळतात.

आणि उतारा? ‘मणिचित्रत्ताळ’मध्ये डॉक्टर एका रात्री सूडाचं नाटक रचतो आणि गंगा बरी होते. १९५७च्या ‘थ्री फेसेस ऑफ ईव्ह’मध्येही शेवट गोड आहे. पण ज्या क्रिस सायझमोर यांच्यावरून तो चित्रपट निघाला, त्यांचा आजार पडद्यावरच्या शेवटानंतरही अनेक वर्षं चालला. १९७७मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तक लिहून आपली बाजू सांगितली. खरे उपचार वर्षानुवर्षं चालतात: आधी सुरक्षित वाटणं, मग विश्वास, मग हळूहळू बोलणं. कुणाला हाकलायचं नसतं. दुरावलेले भाग एकमेकांच्या ओळखीचे करायचे असतात.

मराठीत एक वेगळी वाट दिसली होती. २००४चा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’. आजार वेगळा, स्किझोफ्रेनियाचा. पण अतुल कुलकर्णींचा शेष त्यात राक्षस होत नाही. तो कुणाचा तरी भाऊ राहतो, आणि बहिणीची दमछाकही दिसते. या आजारावरही असा चित्रपट निघावा असं मला वाटतं.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. घरात कुणी म्हणालं, ‘मधला वेळ मला आठवतच नाही,’ तर हसू नका, उलटतपासणी घेऊ नका. देवळात जायचं तर जा, पण मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा फुकट क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं आणि तमिळमध्येही.

राजाला आपली ब्रह्महत्या दारात सोडून जाता आली. या माणसांना तसं करता येत नाही, कारण दारात थांबलेलं ते दुसरं कोणी नसतंच. बहुतेकदा ते त्यांचंच घाबरलेलं लहानपण असतं. त्याला आत घ्यायचं असतं.