मँगनीजचा कण आणि कार्बनची जाळी



कामगार चळवळीतल्या माणसांनी पदार्थविज्ञानावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय आपल्या मातीतलाच आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचे खनिज विजेरीच्या सेलसाठी लागते. जुना सेल फोडला तर मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती काळी भुकटी दिसते. त्या भुकटीत मँगनीज डायऑक्साइड असते. कार्बन आणि मँगनीज यांची ही जुनी सोबत आहे.

ग्राफाइट हाही कार्बनच. त्याचा एका अणूच्या जाडीचा पदर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शुद्ध ग्राफीनमधून वीज उत्तम वाहते, पण लोखंडासारखे चुंबकत्व त्याच्या अंगी नाही. परका अणू शिरला की स्वभाव पालटतो. कार्बनजवळ बाहेरचे चार इलेक्ट्रॉन असतात, नायट्रोजनजवळ पाच, बोरॉनजवळ तीन. कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला तर जाळीत इलेक्ट्रॉनांची भर पडते, बोरॉन बसला तर तूट येते. हायड्रोजनचा एकच अणू वर चिकटला तरी तेथे चुंबकत्व उपजते, हे २०१६ साली माद्रिदच्या संशोधकांनी दाखवले.

आता आपल्या मँगनीजकडे येऊ. ग्राफीन मोठ्या प्रमाणावर करताना बहुधा आधी ग्राफाइटवर पोटॅशियम परमँगनेटची, म्हणजे विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाची, क्रिया करतात. ही रीत हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. पुढे कितीही धुतले तरी मँगनीजचे काही कण मागे राहतात. मग मोजलेले चुंबकत्व ग्राफीनचे की त्या कणांचे, हा प्रश्न उभा राहतो. इंधनघटात ऑक्सिजनची जी क्रिया लागते, ती असे ग्राफीन धातूवाचून घडवते, असे दावे झाले होते. २०१३ साली पुमेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ते काम मागे राहिलेले मँगनीज करीत होते.

हे वाचून आम्हांस खनिज फोडणारे आणि निवडणारे हात आठवले. राबणाऱ्याची नोंदच नसेल तर त्याचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जाते आणि सारा हिशेबच खोटा ठरतो. प्रयोगशाळेत तो तपासून दुरुस्त करतात. खाणीतही तसाच तपासला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.